पुण्याची मैत्रीण, बेळगावची खानावळ

वाचकाचं पत्र : माझी कॉलेजची मैत्रीण शुक्रवारी रात्री पुण्याहून बसने निघून शनिवारी सकाळी बेळगावला पोहोचते आहे. रविवारी दुपारी परत जाईल. शनिवारी दुपारी तिला माझ्या नेहमीच्या भाकरीच्या खानावळीत जेवायला न्यायचं माझ्या फार मनात आहे. जागा लहान आहे, बाकडी साधी आहेत, पण तिथल्यासारखी भाकरी आणि एण्णेगायी (भरल्या वांग्याची भाजी) मला दुसरीकडे मिळालेली नाही. वहिनी म्हणतात, पाहुणीला असल्या ठिकाणी बसवू नकोस, चांगल्या एसी हॉटेलात ने. मैत्रीण मटण खाते, शाकाहारी ताटावर भागवलं तर तिला कमी वाटेल का? शिवाय तिला तिखट झेपत नाही. नेऊ की नको? नेलं तर काय काय सांभाळू? – एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर :

ताई, खानावळीतच न्या. एसी हॉटेलातलं पनीर आणि रोटी तिला पुण्यात रोज मिळते. तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी आणि मुरलेली एण्णेगायी यांसाठी ती बेळगावला आली, तर त्यात तिचा मान कुठेच कमी होत नाही. वहिनींची काळजी मात्र उडवून लावू नका. पाहुणीला बसायला नीट जागा असावी, पाणी स्वच्छ असावं, तिखटाने तिचे हाल होऊ नयेत, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्यासाठी जागा बदलायची गरज नाही, तयारी थोडी आधी करावी लागेल.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वेळ. शनिवारी दुपारी साडेबाराला तुम्ही दोघी ताटावर बसलेल्या असायला हव्यात. दीडला नाही, आणि दोनला तर मुळीच नाही. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा देणारं ग्लुटेन नसतं. म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळतात. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. हा चिकटपणा गरम असेपर्यंतच टिकतो. तव्यावरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत भाकरीतली वाफ निघून जाते, स्टार्च घट्ट होतो आणि तीच भाकरी वातड लागते. दीडच्या गर्दीत भाकरी करणाऱ्या मावशींना एकेका ताटासाठी भाकरी थापणं जमत नाही. त्या आधीच थापून टोपलीत कापडाखाली रचून ठेवतात, मग खालच्या भाकऱ्यांना घाम सुटतो आणि वरच्या कडक होतात. तुम्ही रोजच्या आहात, तुम्हाला हे ठाऊक आहे आणि चालतंही. पण पहिल्यांदा खाणाऱ्या माणसाला टोपलीतली भाकरी मिळाली, तर ‘ज्वारीची भाकरी अशीच कोरडी असते’ असं मत घेऊन तो परत जातो. तिला एवढ्या लांबून बोलावून तेवढंच घडायला नको.

बसल्या बसल्या वाढणाऱ्या पोराला सांगून ठेवा, भाकरी एकेक आण, पहिली संपत आली की दुसरी. दोन एकदम वाढल्या की दुसरी ताटातच गार होते. पंख्याच्या थेट खालची जागाही त्याच कारणाने टाळा. भिंतीकडेचं बाकडं मागा. येणारे-जाणारे तिला धक्का देणार नाहीत आणि पाठीला टेकू मिळेल. बऱ्याच खानावळींत पडदा किंवा लाकडी फळी लावून ‘फॅमिली’ म्हणून वेगळा भाग केलेला असतो. दोघी बायका पाहून तुम्हाला तिकडे पाठवतील. तो भाग हवेशीर असेल तर जा, कोंदट असेल तर बाहेरच बरं.

शुक्रवारी संध्याकाळी मालकांना फोन करा किंवा जाताजाता डोकावून या. लहान खानावळीत टेबल राखून ठेवायची पद्धत नसते, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाने ‘उद्या साडेबाराला पाहुणी घेऊन येते’ म्हटलं तर दोन जागा धरून ठेवतात. त्याच फेरीत तीन गोष्टी विचारा. उद्या एण्णेगायी आहे का? कारण वांगी चांगली मिळाली नाहीत तर त्या दिवशी भाजी बदलते. ताटात किती भाकरी येतात, आणि वरची भाकरी वेगळ्या पैशाने की पोटभर? आणि पैसे फोनवरून घेतात की रोखच? चौथी गोष्ट विचारायची नाही, पाहून घ्यायची : हात धुवायच्या जागी साबण आहे का, आणि स्वच्छतागृह आहे की नाही. नसेल तर मैत्रिणीला घरून निघतानाच सांगा. याच साध्या गोष्टीपायी पाहुण्यांची सगळ्यांत जास्त अडचण होते आणि संकोचाने ते बोलत नाहीत.

पाण्याचंही आधीच ठरवून टाका. जगमधलं पाणी तुमच्या पोटाला सवयीचं आहे, तिच्या नाही. बंद बाटली घरून न्या किंवा तिथे मागवा, आणि बसल्याबरोबर तिच्यापुढे ठेवा, म्हणजे तिला मागायला नको.

आता तिखटाबद्दल. नव्या माणसाची इथे दोनदा फसगत होते. एकदा लाल रंग पाहून, आणि एकदा हिरवा रंग पाहून. एण्णेगायीची लाली पाहून ती घाबरेल, पण तो रंग बहुतेक वेळा ब्याडगी मिरचीचा असतो. ब्याडगीत रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. उलट ताटाच्या कडेला चमचाभर वाढलेला हिरव्या मिरचीचा ठेचा निरुपद्रवी चटणीसारखा दिसतो आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणतो. ओल्या लाल मिरचीचा रंजकाही तसाच जहाल. या दोन्ही गोष्टी ताटात वाढूच नयेत असं सांगा. तिला चाखायच्याच असतील तर तुमच्या ताटातून भाकरीच्या तुकड्याला काडीभर लावून द्या.

‘कमी तिखट करा’ असं मात्र सांगू नका. त्याचा उपयोग नाही. भाजी सकाळीच एका पातेल्यात शिजलेली असते, एका ताटासाठी ती वेगळी होत नाही. पोरगा मान डोलावतो आणि तीच भाजी आणतो, मग तुम्हाला वाटतं त्याने ऐकलं नाही. खरोखर हाताशी असलेला उपाय दुसरा आहे. मिरचीतला जहालपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणजे पातेल्यावरच्या तेलाच्या तवंगात तो सगळ्यात जास्त असतो. ‘वरचं तेल बाजूला सारून तळातली एण्णेगायी वाढ’ असं सांगितलं की तीच भाजी बरीच सौम्य होऊन ताटात येते, कारण तळाला शेंगदाण्या-तिळाचं दाट वाटण बसलेलं असतं.

त्याच कारणाने तिखट लागल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, जळजळ फक्त तोंडभर पसरते. दही लागतं. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धपणा मिरचीचा जहालपणा स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून ताट आल्याबरोबर दह्याची एक जादा वाटी मागवून ठेवा, तोंड भाजल्यावर धावपळ नको. भाकरीवर लोण्याचा गोळा मिळत असेल तर तोही घ्या.

आणि एक प्रश्न तिला फोनवर आत्ताच विचारा : शेंगदाणा किंवा तीळ तिला बाधतात का? हे विसरून चालणारच नाही. या ताटात शेंगदाणा जिथे-तिथे आहे. शेंगाचटणीत तर आहेच, पण एण्णेगायीच्या सारणात भाजलेले दाणे, तीळ, कारळ आणि सुकं खोबरं एकत्र वाटलेलं असतं, आणि मटकीच्या उसळीतही कूट पडतो. अ‍ॅलर्जी असेल तर तेवढी चटणी बाजूला काढून काम भागत नाही, पळ्या आणि पातेली सगळीकडे फिरतात. तसं असेल तर बेत सरळ बदला. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठीही हे ताट नाही. तुमची मैत्रीण मटण खाते म्हणजे तो प्रश्न बहुधा नसेल, पण तिच्याबरोबर कुणी येणार असेल तर त्यांचंही विचारून घ्या.

मटणाचं या वेळी मनातून काढून टाका. पहिलं कारण शनिवार. इकडे आणि तिकडेही अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, तीही पाळत असेल. दुसरं, रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या पोटाला रस्सा आणि तेल जड जातं. ‘फक्त शाकाहारी’ म्हणून तिला कमी वाटेल ही भीती मला पटत नाही. चांगल्या भाकरीच्या ताटात दोन पालेभाज्या, एक उसळ, भरलं वांगं, दोन-तीन चटण्या, कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, दही, सार-भात एवढं सगळं असतं. कमी पडण्यापेक्षा ते संपवायचं कसं, हाच प्रश्न तिला पडेल. (पुढे कधी रविवारी येईल तेव्हा मटण खानावळीत न्या. तिथे सुरुवात अळणी रश्श्याने करा. त्यात मिरची नसते, मटणाची खरी चव कळते, आणि मग तांबड्याकडे जायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. निपाणीच्या बाजूला कोल्हापूरची सावली असल्याने पांढरा रस्साही मिळतो. सावजी, म्हणजे सावजी समाजाचं झणझणीत जेवण, पहिल्या भेटीला नको, ते मसाल्याला सरावलेल्या जिभेचं काम आहे.)

सकाळची न्याहारी हलकी ठेवा. आठ-साडेआठला चहा आणि वाटीभर पोहे, त्यापुढे काही नाही. पाहुणीला सकाळी लोण्याचा डोसा, अकराला कुंदा (दुधाची मिठाई) आणि साडेबाराला भाकरीचं ताट असं भरवलं, तर खानावळीत ती अर्धी भाकरी खाऊन हात आखडता घेईल आणि दोष खानावळीवर जाईल.

ताट कसं वाढलं जातं ते तिला एकदाच थोडक्यात सांगा. आधी भाकरी-भाज्या, नंतर भात-सार, शेवटी भात-दही नाहीतर ताक. हे माहीत नसलं की नवखा माणूस भाकरीनेच पोट भरून घेतो आणि सार-भाताला जागा उरत नाही. तिच्यासाठी मऊ भाकरी दोन पुरे, कदाचित दीडच. कडक भाकरी दोघींत मिळून एक मागवा. ती वाळवलेली, पातळ आणि कुरकुरीत असते, आणि तिचं खाणं वेगळं : तुकडे मोडून दही आणि शेंगाचटणीत बुडवायचे, किंवा साराच्या वाटीत मिनिटभर भिजू द्यायचे. भाजीबरोबर घास करायला गेलं तर ती हिरड्यांना टोचते, हे आधी सांगितलेलं बरं.

पहिला घास कशाचा द्यावा? पुंडी पल्ल्याचा, म्हणजे आपल्या अंबाडीच्या भाजीचा. आंबट असते, डाळ किंवा कण्या घालून दाट केलेली, तिखट बेताचं. जीभ तिथे स्थिरावते. मग मटकीची उसळ, आणि एण्णेगायी तिसऱ्या घासाला. वांगं देठासकट चार फाकी करून भरलेलं असतं. देठ खायचा नाही, पण टाकायची घाई करू नका, देठाला धरून फाक सोडवली की सारण सांडत नाही. चांगल्या एण्णेगायीत वांगं बोटाने दाबलं की दबतं पण फुटत नाही, आणि चिंच-गुळाची आंबटगोडी तिखटाच्या मागून येते. मधूनमधून कच्ची मेथी आणि मुळा खायला सांगा. पुण्याच्या मुलीला कच्ची मेथी पाहून नवल वाटेल, पण शेंगाचटणी आणि दह्याबरोबर तिचा कडवटपणा लागत नाही आणि तोंड ताजं राहतं.

एवढं सांगून झालं की गप्प बसा आणि तुमचं तुम्ही जेवा. ही सूचना मी मनापासून करतो आहे. आवडती जागा दाखवणाऱ्या माणसाची नजर सारखी समोरच्याच्या तोंडाकडे असते. कसं आहे? आवडलं? हे खाऊन पाहा ना! दर घासाला विचारलं की ती बिचारी चव घेण्याऐवजी उत्तरं देत बसते, आणि नको असलेलंही ‘छान आहे’ म्हणून गिळते. तिला जे आवडेल ते ती आपण होऊन पुन्हा मागेल. तीच खरी पावती. एखादी भाजी तिने तशीच ठेवली तर ठेवू दे, आणि तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

आग्रहाचंही तसंच. इकडे वाढणारे मायेने वाढतात, ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. तिला आधीच सांगून ठेवा, खरंच पुरे असेल तर ताटावर आडवा हात धरायचा आणि ‘साक्री’, म्हणजे कन्नडमध्ये ‘पुरे हो’, म्हणायचं. नुसतं हसून नको म्हटलं तर अजून एक पळी भात पडेल. आणि तुम्ही स्वतः तिच्या ताटात काही वाढू नका.

मालकांशी, मावशींशी तुमच्या कन्नडमध्ये गप्पा होतीलच. दोन वाक्यं बोला, मैत्रिणीची ओळख मराठीत करून द्या, आणि लांबण लावू नका. आपल्या भागात पानावरच भाषा दोन-तीनदा बदलते, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण ज्याला त्यातली एकच येते तो पाहुणा अशा वेळी एकटा पडतो, आणि आपल्याबद्दलच काही बोलताहेत का अशी शंका त्याला येते.

बिल हा भांडणाचा विषय होऊ देऊ नका. ती तुमच्या गावात आली आहे, पैसे तुम्हीच द्यायचे. पण गल्ल्यापाशी दोघींनी पर्स धरून ओढाताण केली की मागच्या रांगेलाही त्रास. हात धुवायला ती उठेल तेव्हा देऊन टाका, किंवा आत शिरतानाच मालकांना सांगून ठेवा की पैसे माझ्याकडूनच घ्या. रोख जवळ असू द्या, गर्दीच्या वेळी लहान खानावळीत फोनची रेंज नेमकी दगा देते. तिला फारच अवघडल्यासारखं झालं तर रविवारचा चहा-नाश्ता तिच्याकडे.

तुम्ही तारीख लिहिलेली नाही, म्हणून एवढं ध्यानात ठेवा : १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासचा शनिवार असेल तर बेत पुढे ढकला. त्या दिवसांत शहरात मिरवणुका, बंदोबस्त आणि बंद रस्ते असतात. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बाहेरून आलेल्या माणसांनी आणि पोलिसांनी खानावळी भरून जातात, तेव्हा साडेबाराच्या जागी बाराला पोहोचा. आणि कुठल्याही शनिवारी खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या बाजूला चारचाकी आत घालू नका. खानावळ तिकडेच असेल तर गाडी बाहेर लावा आणि चालत जा, नाहीतर रिक्षा करा. जागा शोधत गाडी फिरवण्यातच भाकरीची वेळ निघून जाते.

जेवण झाल्यावर लगेच गोकाकचा धबधबा किंवा बेळगावचा किल्ला दाखवायला निघू नका. रात्रभराचा प्रवास आणि वर ज्वारीचं जेवण म्हणजे तिला झोप येणारच. घरी नेऊन दोन तास पडू द्या. दुपारी वहिनींच्या हातचा चहा होऊ दे, त्यांनाही बरं वाटेल. त्यांनाच खानावळीत बरोबर नेता आलं तर आणखी चांगलं. त्यांची शंका तिथल्या ताटावरच मिटेल.

परतीला बरोबर काय द्यावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तेही खानावळीतूनच सुरू होतं. उठताना मावशींना कडक भाकरीची चवड आणि पाव किलो शेंगाचटणी बांधून मागा. दोन्ही कोरड्या वस्तू, प्रवासाला उत्तम. कडक भाकरीला हवेतला ओलावा लागला की ती चामट होते. पुण्याला पोहोचल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगा, आणि मऊ पडलीच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर अर्धा-एक मिनिट फिरवली की पुन्हा कुरकुरीत होते. गोकाकचा करदंटही टिकतो, डिंक, गूळ आणि सुकामेव्याचा असल्याने त्याला काही होत नाही. मांडे मात्र देऊ नका, बसच्या धक्क्यांत त्यांचा चुरा होईल. कुंदा दुधाचा आहे, फार दिवस राहत नाही. तो शनिवारी घेऊन ठेवू नका. रविवारी सकाळी दुकान उघडल्यावर ताजा घ्या, गार झाल्यावरच डब्यात भरायला सांगा, आणि तिला घरी पोहोचल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवायला आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढायला सांगा.